मागाच्या खडखडाटातलं भाषण

भाषणाची धास्ती मला नका सांगू! लढाईच्या दिवसांत सुताची टंचाई होती. नगरच्या आम्हा मागवाल्यांनी पैसे एकत्र करून सूत विकत घ्यावं, तेही माझ्या नावावर, हे पटवायला मी सगळ्यांना माझ्या कारखान्यात बोलावलं. भाषण मी विणता विणताच पाठ केलेलं. सभेसाठी माग थांबवले, तर त्या शांततेत माझं तोंडच उघडेना. पाय मात्र मागावर बसल्यासारखा हलतोय.

पुढे बसलेले एक मागवाले, रहिमानभाई, म्हणाले, "शेठ, धागा तुटला का?"

मी चिडून ओरडलो, "चालू करा रे माग!" खडखडाट सुरू झाला अन् मी घामाघूम होईस्तोवर बोललो. सगळे तयार झाले!

रहिमानभाईंना विचारलं, "कुठला मुद्दा पटला?"

"ऐकू कुनाला आलं? पन आमचं सूत घेऊन पळनारा मानूस एवढा बोंबलत न्हाई."