ताक दिलं तेच नडलं

आमी लाटंबार्सेच्या डोंगरावरचे धनगर. माझा बापूस म्हशी राखायचा, त्याचा बापूसही म्हशीच राखायचा, आणि मी शाळेत गेलो दोन पावसाळे, पुढं गुरुजींनी बोलावलं पण म्हशींनी सोडलं नाही. सही येते मला, अंगठा मी कधी उठवला नाही, ते आधी लिहून घ्या.

तर काय सांगू तुमाला, आमाला आदिवासींचा दर्जा हवा होता. तो मिळाला की पोरांना राखीव जागा, आणि माझी नात सुमन, तिला नर्सिंगला जायचं होतं, म्हणून मी त्या दर्जामागं लागलो. आमचा पुढारी राया, माझा सख्खा भाचा, पंचायतीवर निवडून आणायला मीच त्याला वाड्यावाड्यावर फिरवला. एक दिवस तो आला, म्हणाला, मामा, आमी कसले लोक ते बघायला सरकारची माणसं येतायत, चांगलं दिसू दे हां, वाड्याचं नाक तुमी.

मग मी घर सारवून घेतलं, खालच्या गावातून चार कदेलां म्हणजे खुर्च्या आणल्या, नाहीतर पावणे बसणार कुठं, इस्त्रीचा सदरा घातला. माणसं आली तशा बाया लाजून आत गेल्या, त्यांना मीच बाहेर बोलावलं, बोला गो, खाणार नाहीत तुमाला. त्यांच्यातल्या लिहून घेणाऱ्या बाईनं विचारलं, तुमचा नाच दाखवाल? मी म्हटलं बाई, तो दसऱ्याला देवापुढं, पावण्यांपुढं न्हय. सगळ्यांना ताक दिलं, हिंग लावून.

पुढं अहवाल आला, तो सुमननं वाचून दाखवला. ही माणसं परक्यांना बुजत नाहीत, मोकळी बोलतात, घरात खुर्च्या आहेत, वेगळी चालरीत दिसली नाही. दर्जा नाही. म्हणजे आदिवासी ठरायला माणसानं माणसाला बघून पळायचं असतं, हे आमाला कोण सांगणार होतं?

रायाला ठाऊक होतं. प्रश्नांचा कागद त्याच्याकडं आठ दिवस आधी आला होता, सुमननं तोंडावर विचारलं तेव्हा तो मोबाईल बघत बसला. वर बैठकीत सगळ्यांपुढं म्हणतो, काम होत आलं होतं, मामाच्या मोठेपणानं घालवलं. अरे, दर्जा मिळाला असता तर पुढच्या वेळी मतं मागताना तू काय देतो म्हणून सांगितलं असतंस?

नर्सिंग राहिलं, सुमन आता मांद्र्याला गेस्टहाऊसात चादरी बदलते. काल ती घरी होती आणि राया आला, मामा, परत पाहणी होणार, त्या दिवशी तुमी रानात जाऊन बसा. मी म्हटलं, रानात म्हशी बसतात, माझ्या दारात माणूस आलं तर मी ताक देणार.

सुमन ते ऐकून आत गेली, तेवढंच लागलं मला. देव तिचं बरं करो. तुमचं ताक तसंच राहिलं, प्या ते.