दलाल बिल्डिंगमधील महालक्ष्म्यांच्या पेटीबाबत

जबाब देणार सौ. तानाबाई भगवानराव गावंडे, वय अठ्ठावन्न वर्षे, धंदा घरकाम व शेती, राहणार दलाल बिल्डिंग, पहिला मजला, यवतमाळ. मूळ गाव बोरी अरब, ता. दारव्हा.

मी स्वतः पोलीस स्टेशनला हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती भगवानराव असे दोघे राहतो. मुलगा नयन व सून सुरभी नोकरीनिमित्त पुण्यास असतात. गावी आमची कपाशी व तुरीची शेती आहे. पेटीच्या चोरीची फिर्याद माझ्या पतीने दिलेली आहे. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी आपणहून आले. लिहून घेणाऱ्या राखी मॅडम म्हणाल्या, बाई, थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगण्यासारखं असतं तर मी घरूनच फोन केला असता.

दलाल बिल्डिंग ही इंग्रजांच्या काळात एका कापसाच्या दलालाने बांधली. पुढे तिचे वेगवेगळे ब्लॉक केले. आमचा ब्लॉक आम्ही नयन शाळेत असताना घेतला. वर सागाच्या तुळया, तुळयांना लोखंडी कड्या, खाली फुलांच्या नक्षीची फरशी, आणि छत इतकं उंच की जाळी काढायला निसणी, म्हणजे शिडी, लागायची. यवतमाळच्या उन्हातही घर गार राहत होतं. माझी त्या घराबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार नयनची होती.

नयनने पुण्याहून फोनवर डिझाइन पाठवलं. त्याला कंटेम्पररी म्हणतात असं सुरभीने सांगितलं. मी पाहिलं तर सगळं पांढरं आणि राखेच्या रंगाचं. मी म्हटलं, "बाप्पा, हे घर हाये का दवाखाना?" सगळे हसले आणि अक्षय तृतीयेनंतर काम सुरू झालं. फुलांच्या फरशीवर चकचकीत टाइल बसली. दरवाज्यांना कडी नाही, कोयंडा नाही, दाबलं की उघडतात, त्यामुळे पाहुण्याला संडास सापडत नाही. उन्हाळाभर वरणात धूळ, अंथरुणात धूळ, देवाच्या तोंडावर धूळ. पुसून पुसून माझे हात गेले. कोणाला सांगावं तर म्हणायचे, चांगलं होऊन राह्यलं न, मग काहून कुरकुर करतं.

छताचं काम, म्हणजे तुळया झाकून खाली पीओपीचं दुसरं छत करायचं काम, सुनील देवसिंग राठोड याला दिलं. तो बोरी अरबजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. त्यांचं आणि आमचं वावर धुऱ्याला धुरा लागून आहे. आमची विहीर आटली की आम्ही त्यांच्याकडून पाणी घेतो. सुनील काही संत नाही हेही लिहा. सांगितलेल्या दिवशी येत नाही, फोन उचलत नाही, आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन नव्या बेसिनात थुंकला म्हणून मी त्याला चांगलं झापलं होतं. पण कामचुकार वेगळा आणि चोर वेगळा. घराची किल्ली उन्हाळाभर त्याच्याच खिशात होती.

आता पेटीचं. आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. पुण्याकडे त्यांना गौरी म्हणतात. दोन मुखवटे आहेत, पितळेचे, वरून चांदीचं पाणी दिलेलं. फिर्यादीत चांदीचे मुखवटे असं लिहिलं आहे ते बरोबर नाही. चांदीचे म्हटलं की पोलीस लवकर हलतात असं पतीला वाटलं असेल. विसर्जन झालं की मुखवटे सागाच्या पेटीत ठेवतो, पेटी पिवळ्या कापडात बांधतो आणि बैठकीत तुळईखाली एक फळी आहे तिच्यावर चढवतो. पुढच्या वर्षी लक्ष्म्या यायच्या दिवसापर्यंत त्या पेटीला कोणी हात लावायचा नाही. उतरवायची ती घरच्या बाईने, न्हाऊन, त्याच दिवशी. सासूबाईंनी मला असंच सांगून दिलं आणि मी तसंच करत आले. घरातल्या माणसांनाही ती पेटी वर्ज्यच आहे.

छताचं काम चालू असताना गावी माझी जाऊ कांताबाई वारली. मी सुतकात बोरी अरबलाच राहिले. पती कामावर लक्ष ठेवायला यवतमाळला जाऊन येऊन होते. सुतकात पेटीला हात लावायचा प्रश्नच नाही, म्हणून मी कोणाला काही सांगितलं नाही. तेरवी आटोपून परत आले तर छत खाली आलं होतं. पांढरं, गुळगुळीत, कडेकडेने लाइटा. तुळया दिसेनात, कड्या दिसेनात, फळी दिसेना. मी पतीला विचारलं, पेटी कुठं ठेवली? ते मोबाइल पाहत म्हणाले, "असंन न कुठं तरी. नयन आलता तवा त्यानं आलमारीत ठेवली असंन."

मी आलमारी उघडून पाहिली नाही. अवेळी पेटीला हात लागला तर काय करायचं? राखी मॅडमनी इथं विचारलं की नुसतं डोळ्यांनी पाहायला काय हरकत होती. हरकत काही नव्हती. पण शोधायचं म्हटलं की हात लागतोच, आणि जाऊ नुकतीच गेली होती, जिवाला धाक बसला होता. आमच्या घरात त्या पेटीला सगळेच भितात, त्यामुळे ती कुठं आहे हे कोणी कोणाला नीट विचारलं नाही.

पोळा झाल्यावर मी सणाची आवराआवर काढली. नयनला फोन केला तर तो म्हणाला, मी कुठली पेटी ठेवली नाही. मग आलमाऱ्या, ट्रॉल्या, दिवाणाखालचं, सगळं पाहिलं. पेटी नाही. पती लगेच म्हणाले, "सुनील्यानंच नेली. तांड्यावरचं पोट्टं, दुसरं कोन?" मी म्हटलं, "अहो, असं नका बोलू. पानी त्याच्या विहिरीचं पेता आन् त्यालेच चोर म्हनता?" ते म्हणाले, "तुले काय समजते?" आणि शर्ट घालून फिर्याद द्यायला गेले. मी अडवलं नाही. आमच्यात बोलणं दोन वाक्यांच्या वर चाललं की ताट आपटतं, आणि मला आता ताटाचा आवाज सहन होत नाही.

काल सुनीलला पोलीस स्टेशनला आणलं. त्याने इथं आल्याबरोबर सांगितलं की पेटी कुठं गेली नाही, नव्या छताच्या वर आहे. हे पतीला कळवण्यात आलं. पती म्हणाले, "चोर म्हनून राह्यला घर फोडा, मंग मी घर फोडू काय?" मी रात्रभर वर पाहत पडून होते, पण त्या गुळगुळीत छतावरून काही कळत नाही. सकाळी नयनचा फोन आला. तो म्हणाला, "आई, सीलिंगला हात लावू नको. लक्ष्म्यांच्या जेवनाच्या दिवशी सुरभीच्या घरचे येऊन राह्यले. मुखवटे आपण नवे आणू." मी म्हटलं, "आन् सुनील? तोही नवा आनशीन का रे?" त्यावर रेंज गेली.

पती फुलं आणि केळीची पानं आणायला बाजारात गेले. तेवढ्यात सुनीलची बायको बबिता आली. फुलसावंगीची लेक आहे, चांगली तोंडाळ आहे. पण आज आत ये म्हटलं तर आली नाही, पायरीवरच बसली. म्हणाली, "याडी, त्यानं तुमच्या मालकाले इचारलं होतं. म्हने वर पेटी हाये, काय करू? मालक फोनवर बोलून राह्यले होते. म्हने, जशी आहे तशी राहू दे, हात नको लावू. त्यानं नाई लावला न! खालून छत करून टाकलं. आता हात नाई लावला म्हनून चोर काय तो?" याडी म्हणजे त्यांच्यात आई. तिने आजवर मला कधी याडी म्हटलं नव्हतं.

मला तिथंच उमगलं. जशी आहे तशी राहू दे, हे माझ्या पतीचं वाक्य आहे. नळ गळतो म्हटलं तरी तेच, डोळ्याला दिसत नाही म्हटलं तरी तेच. मान वर न करता म्हणतात, आणि म्हटल्याचं त्यांना आठवत नाही. हे वाक्य सुनीलला रचता येणार नाही. ते ऐकायला आमच्या घरातच असावं लागतं.

मी बबिताला म्हटलं, बस इथंच, जाऊ नको. मी आत गेले, न्हाले, धुतलेलं लुगडं नेसले. आज लक्ष्म्या यायचाच दिवस आहे, म्हणजे पेटी उतरवायचा माझा हक्क होता. नवी निसणी बैठकीत लावली आणि गावाकडची सब्बल, म्हणजे पहार, घेऊन फळी होती त्या अंदाजाने छतावर घाव घातले. पहिल्या घावाला काही झालं नाही, नुसता चुना डोळ्यात गेला. मग पत्रा दिसला, मग अख्खा तुकडा खाली आला तो सुरभीच्या पांढऱ्या सोफ्यावर. लाइटीची माळ लोंबत राहिली. मी हात घातला. पेटी फळीवर होती. वरून धूळ पडू नये म्हणून सुनीलने प्लास्टिक टाकलेलं, आणि पिवळ्या कापडाची गाठ मी मारली तशीच. बबिता दारातून पाहत होती. तिने डोक्यावर पदर घेतला आणि मोठ्याने रडली. मीही रडले. कशासाठी ते मला विचारू नका, पुष्कळ वर्षांचं होतं.

नुकसान झालं आहे ते मी केलं आहे. त्यात बबिताचा हात नाही. पंचनामा करायचा असेल तर माझ्या नावाने करावा.

पती बाजारातून आले. आधी छताकडे पाहिलं, मग सोफ्याकडे, मग माझ्या हातातल्या पेटीकडे. मग बबिताला पायरीवर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "हे पाह्य, आता पोलिसाईले असं सांगायचं, का पेटी सकाळी दाराशी भेटली. भेऊन त्याच्या मानसाईनं आनून ठेवली. सन आहे म्हनून आम्ही माफ केलं. संपलं." मी विचारलं, आणि छत? म्हणाले, "छत पडलं. कच्चं काम होतं त्याचं." म्हणजे पुन्हा त्याचंच.

मला वाटलं होतं, पेटी पाहून त्यांना शरम वाटेल. वाटलीही असेल. पण शरम वाटल्यावर माणूस दोनच गोष्टी करतो, चूक कबूल करतो नाहीतर दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. मी त्यांना म्हटलं, "तुमाले लोकाईचं भेव वाटते, मले पेटीचं वाटते. जी खोटं बोलून आनली ती लक्ष्मी मी कशी बसवू?" ते म्हणाले, "तू घराची इज्जत घालवशीन." मी चपला घातल्या.

मी आणि बबिता ऑटोने इथं आलो. पेटी माझ्या मांडीवर होती. मी ती उघडलेली नाही, पण पंचांसमोर उघडायला तयार आहे. बायमाणूस असेल तर बरं, नसेल तर तसं. हे मी नवऱ्याशी वैर म्हणून सांगत नाही. तो माझा नवरा आहे, रात्री त्यालाच भाकर वाढायची आहे. घरी जे होईल ते घरी पाहीन. मी थकले आहे, धुळीने नाही.

जबाब चालू असताना साहेब आले. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. ते चांगल्या शब्दांत म्हणाले, बाई, सणाचा दिवस आहे, घरी सवाष्णी येतील, पेटी घेऊन जा, त्या पोराला आम्ही संध्याकाळपर्यंत सोडतोच, कागदाचं नंतर पाहू. मी नाही म्हटलं. पेटी घरी गेली की कागद राहील, आणि कागदावर चोर म्हणून सुनीलचं नाव राहील. उद्या तांड्यावरच्या दुसऱ्या कोणाला कोणी कामाला घेणार नाही, आणि त्याच्या लेकरांना शाळेत विचारतील. लक्ष्म्यांना यायला संध्याकाळपर्यंत वेळ आहे. सुनील या दारातून बबितासोबत बाहेर पडला, उजेड असताना, सगळ्यांच्या समोर, की त्याच्या मागे मी पेटी घेऊन निघेन. त्याच्या आधी नाही. तोपर्यंत लक्ष्म्यांना इथंच राहू द्या, बाकावर जागा आहे.

माझं सांगणं राखी मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. एका ठिकाणी पेटी मिळून आली असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं आणि पेटी हरवलीच नव्हती असं करून घेतलं. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खाली सही केली आहे. सुनीलला अजून बाहेर आणलेलं नाही.