पैलवान रायडोची शोकसभा

पत्रकार उगाच तिखट लिहितात असं म्हणणाऱ्यांनी आधी जानेफळचं हे ऐकावं. एका जपानी चित्रकथेत रायडो नावाचा लढवय्या आहे, एका बुक्कीत डोंगर फोडणारा. नव्या भागात तो मेला, म्हणून कॉलेजच्या पोरांनी गंमत म्हणून चौकात त्याच्या चित्राचा फ्लेक्स लावला: ‘पैलवान रायडो यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’

निवडणूक तोंडावर आलेली. तिकिटासाठी धडपडणारे आमचे एक पुढारी, सगळ्यांचे ‘भाऊ’, कुणाची मयत सोडत नव्हते. फ्लेक्स दिसताच गाडीतून उतरले, हार घातला. चित्राकडे बघितलंच नाही, नजर माझ्या कॅमेऱ्यावर.

“लय मोठा माणूस गेला,” भाऊ म्हणाले. “माह्या डोयासमोर आखाड्यात घडला तो. कालच त्याच्या घरी भेटून आलो.”

“घर कुठं आहे त्यांचं?” मी विचारलं.

“अमडापूरकडं. बातमीत माहं नाव वरतं घ्या.”

मी ते शब्दशः लिहून घेतलं. फ्लेक्स लावणाऱ्यांतल्या शुभांगीला मात्र राहवेना.

“भाऊ, हा जपानी पुस्तकातला पैलवान हाये. खरा माणूसच नाही.”

भाऊंनी आता कुठे चित्र पाहिलं, मग माझी वही. उद्या सगळा तालुका हसणार, हे त्यांना कळलं होतं.

शुभांगीला दया आली असावी. “तसा तो मेला तरी पुढच्या भागात जित्ता होऊन येते, भाऊ.”

भाऊंचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाले, “मंग ते श्रद्धांजलीचं खोडा. लिवा, भाऊंच्या पाठपुराव्याले यश.”