कुंचीवरचा परदेशी दावा

मंडळी, जरा सरकून बसा, मागच्या लेकुरवाळ्यांना जागा होऊ द्या. बसलात? आता सांगा, माफी मागणं चांगलं की वाईट? चांगलं म्हणताय. पेटीवाले काकासुद्धा मान हलवतायत, आणि ते माझ्या बोलण्याला सहसा मान हलवत नाहीत. मग पुढचं सांगा. ऊठसूट माफी मागणारा माणूस नम्र असतो का?

बरं, ऐका तर. आज मी पुराणातला राजा आणलेला नाही. आज गडहिंग्लजची हेमांगी आणली आहे.

हेमांगीची लेक चिनू वर्षाची. ती निजली की ही मशीनवर बसायची आणि कुंच्या शिवायची. कुंची कुणाला सांगायला नको — डोक्यावरून पाठीपर्यंत येते, हनुवटीखाली बंद, कडेला झालर, आणि मधे बाळाचे दोन गाल. बाकी बाळ दिसत नाही. गाल दिसले की आईचं भागतं.

नवऱ्यानं, सुहासनं, तिला इंटरनेटवर दुकान उघडून दिलं. कुंच्या निघाल्या थेट अमेरिकेला! आधी तिकडच्या मराठी आज्यांनी घेतल्या, मग त्यांच्या शेजारणींनी. घरात पहिल्यांदाच हेमांगीच्या नावावर काहीतरी उभं राहिलं होतं.

आणि एका सकाळी दुकान बंद. खातं गोठवलेलं. सोबत ईमेल — एका परदेशी कंपनीनं तिकडच्या कोर्टात दावा लावलाय. बाळाच्या डोक्यावरून पाठीपर्यंत येणारं वस्त्र हे आमचं नोंदवलेलं डिझाइन आहे, ते तुम्ही चोरलंत. मुदतीत उत्तर द्या, नाहीतर निकाल एकतर्फी लागेल.

सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "कुंची चोरली? मग ह्या सुहासला जन्मल्यावर काय गोणपाटात गुंडाळला होता?"

"आई, हे फसवाफसवीचं असतं," सुहास म्हणाला. "उत्तरच द्यायचं नाही."

"फसवाफसवीचं असतं तर खातं बंद कसं झालं असतं?" हेमांगी म्हणाली, आणि स्वतःच उत्तर लिहायला बसली.

आता आपली माणसं काय लिहितात? पाहुण्याला पोट फुटेस्तोवर वाढतो आपण. त्याला उठवत नसतं. तरी दारात हात जोडून म्हणतो, काही कमी-जास्त झालं असेल तर माफ करा! हेमांगीनं तसंच लिहिलं — आमच्याकडून काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा, आम्हांला आपलंच समजा.

त्यांनी आपलंच समजलं. उलट टपाली उत्तर आलं, चूक मान्य केल्याबद्दल आभार, आता भरपाईचं बोलूया.

हसताय? ती रडत होती. — मागे बाळ रडतंय वाटतं. उठू नकोस गं आई, बस. रडू दे. देवळाला सवय आहे.

तर हेमांगी धावली घोरपडे वकीलबाईंकडे. बाईंनी चष्मा वर केला. "हे कुणी लिहिलं?"

"मी. असं लिहायची पद्धत आहे."

"इथे आहे. तिकडे ह्याला कबुली म्हणतात."

पण बाई हुशार. तिकडचा एक वकील त्यांच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, कंपनीच्या नोंदणीआधीपासून तुमच्याकडे कुंची होती, एवढं दाखवा. घरी हे कळताच सासूबाई उठल्या आणि गल्लीत ओरडून आल्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावानं आपापली फोटोंतली बाळपणं आणून ओतली. तालमीतले पैलवान कुंचीत. बँकेचे साहेब कुंचीत, गालाला काजळाची तीट. मिशीवाले फौजदार स्वतः आले, बंद पाकीट देऊन हळूच म्हणाले, "कोर्टाला दाखवा. आमच्या हवालदाराला नको."

जिंकलो, सुहास म्हणाला. फोटो घ्यायला घरी आलेल्या वकीलबाईंनी मात्र हेमांगीच्या दुकानाचं पान उघडलं. "आणि हे पिंगट केसांचं बाळ कुणाचं?"

सुहासनं हेमांगीकडे पाहिलं.

हेमांगी म्हणाली, "त्यांचंच. कंपनीच्या पानावरून घेतला फोटो. चिनू डोक्यावर कुंची ठेवू देईना, प्रत्येक फोटोत नुसता हात यायचा. म्हटलं, एकच फोटो तर आहे."

सुहास म्हणाला, "दुसऱ्याच कुणीतरी टाकला म्हणूया."

"म्हणा," वकीलबाई म्हणाल्या. "कबूल केलंत तर फोटोची भरपाई पडेल. खोटं बोललात आणि सापडलात, तर गावाच्या ह्या सगळ्या फोटोंवरही कोर्ट विश्वास ठेवणार नाही. दुकान तुमचं आहे, तुम्ही ठरवा."

आणि मंडळी, गंमत बघा. जी बाई परक्या कंपनीची न केलेल्या चोरीबद्दल एका दमात माफी मागून बसली होती, तिचा हात आता एका ओळीसाठी हलेना. चिनू मांडीवर येऊन निजली, चहा दोनदा गार झाला. ह्यावेळी माफी खरी होती ना.

शेवटी तिनं सांगितलं, "लिहा बाई. कुंची आमची आहे, तिची माफी मागणार नाही. फोटो तुमचा आहे, तो मी न विचारता घेतला. त्याची मागते."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, खाली काही कमी-जास्त—"

"नाही, आई."

कंपनीनं फोटोची भरपाई घेतली. कुंचीचा दावा मागे घेतला. कदाचित फौजदारांना बघून घेतला असेल. दुकान उघडलं. आता तिथे चिनूचा फोटो आहे, कुंची डोळ्यांवर आलेली, एक हात हललेला, आणि खाली भोकाड पसरलेलं तोंड. झालर छान दिसते.

तर मंडळी, दिवसभरात आपण पाहुण्याची माफी मागतो, पाय लागलेल्या खुर्चीची मागतो. आणि ज्याचं खरंच काही न विचारता घेतलंय, जावेचं श्रेय, भावाचा वाटा, लेकीचं शिक्षण, त्याच्यासमोर जीभ उचलत नाही. आत्ता तुमच्या मनात एक नाव आलं. मला नका सांगू. कदाचित ते माणूस ह्याच मांडवात बसलंय. त्याला 'काही चुकलं असेल तर' असं म्हणायचं नाही. काय चुकलं ते सांगून म्हणायचं. जाताना चपला शोधण्याआधी त्याला शोधा.

चपला थांबतील.