तिकटीवरची बर्फी

ऐका. महिपती घरातून बाहेर पडला तेव्हा अंधार पुरता दाटला होता. एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्या हातात बर्फीचा खोका. बर्फीचा म्हणते मी, पेढ्यांचा नव्हे. ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलगी झाली होती त्याला. पहिलीच! त्याची बायको सारिका रिवाजाप्रमाणे बाळंतपणाला माहेरी गेली होती, खिंडीपलीकडच्या वाडीत. संध्याकाळी तो बाजारात असतानाच फोन आला. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यानं उभ्या उभ्या बर्फी बांधून घेतली. मोटरसायकल गॅरेजात पडलेली. गाडीरस्ता डोंगराला भला मोठा वळसा घालून जातो. पायवाट मात्र घराच्या परसातूनच सरळ खिंडीत चढते.

पण ती वाट कुठली? तिकटीची!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. घराच्या वरच्या अंगाला, जांभळीखाली, तीन वाटा मिळतात. ती तिकटी. महिपतीच्या पणजोबांच्या काळात त्या घरात तुळसा नावाची सून होती. घरात आंबेमोहोर शिजला, सगळे जेवले, आणि तुळसाला वाढायचं राहिलं. राहिलं म्हणा, ठेवलं म्हणा. भुकेली पोर रात्रीच माहेराला निघाली, जांभळीखाली बसली, ती उठलीच नाही. तेव्हापासून तिकटीवर भाताचा वास येतो. वाफाळता आंबेमोहोर! रानात! चूल नाही, घर नाही, आणि वास! वास आला की मागे वळायचं नाही. तिचे पैंजण वाजले की थांबायचं नाही. हे माझं म्हणणं नव्हे, पंचक्रोशीचं आहे. मी त्यात पदरची मिठाची कणीही घालत नाही.

महिपतीची आई, गौराक्का, दारात आडवी उभी राहिली.

"आत्ता जातोस व्हय रं? लेकरू काय पळून जातंय? सकाळी जा की."

"आई, पोरगी झालीया. मी आज गेलो न्हाय तर मामा काय म्हणतील, तुला म्हाईत हाय."

तिला माहीत होतं. महिपतीचा सासरा, जोतिराम, तोंडाचा तिखट माणूस. सारिकाला माहेरी नेतानाच त्यानं ऐकवलं होतं, "भुताच्या घरात पोरगी दिली ही माझी चूक. नातवंड देनार न्हाय." बाळ तीन महिन्यांचं झालं की बाळंतीण सासरी येते. ते येणं आता सासऱ्याच्या मर्जीवर टांगलेलं होतं.

"बरं, जा," गौराक्का म्हणाली. "तिकटीवर पान ठेवून आलीया मी. भात हाय, केळं हाय, खोबरं हाय, अंडं हाय. तुळसा जेवली आसंल तर तुला सोडंल."

हे पान गौराक्का रोज ठेवत होती बरं का! पूर्वी अमावास्येला ठेवायची. सून पोटुशी राहिली तशी रोज ठेवू लागली. तुळसाची भूक शांत राहावी, सुनेचं बाळंतपण सुखरूप व्हावं, एवढीच इच्छा. आणि पान सकाळी चाटूनपुसून लख्ख! पण गंमत अशी, की जसजसं पान रोजचं झालं, तसतशी तुळसा चेकाळली. वास रोज येऊ लागला. पैंजण रोज वाजू लागले. शेजारचा टिप्या कुत्रा एका रात्री नाहीसा झाला.

आणखी एक गोष्ट, मग निघू. गावात त्या वेळी मेघनाबाई मुक्कामाला होत्या. घरांच्या आजूबाजूला रात्री कोणती जनावरं वावरतात, याचा अभ्यास करत होत्या. त्यांच्याजवळ झाडाला पट्ट्यानं बांधायचे कॅमेरे होते. समोर उबदार अंगाचं काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. उजेड पडत नाही, कळत नाही. एक कॅमेरा त्यांनी गौराक्काच्या परसातल्या फणसाला बांधला, दुसरा तिकटीवरच्या जांभळीला.

"बाई, भुताचा फटू निगत न्हाय," गौराक्कानं बजावलं होतं.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "मग ज्याचा निघेल ते भूत नव्हे, एवढं तरी ठरेल."

तर महिपती निघाला. परस ओलांडलं. बांध ओलांडला. खोका छातीशी. मनात पोरीचं नाक, पोरीचे डोळे. तिकटी जवळ आली, आणि...

वास!

आंबेमोहोर! आत्ता चुलीवरून उतरवलेला! महिपती जागीच थबकला. तो स्वतःशीच बोलला, "पान ठेवलंय आईनं, त्येचाच वास." पण पानातला भात दुपारचा, गारढोण. गार भाताला असा वास येतो का? सांगा तुम्ही!

त्यानं बॅटरी खाली धरली. धुळीत ठसे. बारके, पाच बोटांचे, तान्ह्या पोराच्या पावलांसारखे. तान्हं पोर चालतं कधी?

तेवढ्यात वरून, जांभळीतून, किंकाळी! लांब, चिरकी, जीव पिळवटणारी. महिपती दचकला, ठेचाळला, खोका हातातून सुटला. बर्फी धुळीत पसरली. आणि बघा मायेची तऱ्हा! तशा भयातही तो खाली बसला. पोरीची बर्फी. ओणवा होऊन वड्या गोळा करू लागला. एक वडी. दुसरी वडी.

छुम्.

त्याचा हात थांबला.

छुम्. छुम्. छुम्-छुम्-छुम्-छुम्!

पैंजण! दोन हातांवर! मग कसली बर्फी आणि कसलं काय! महिपती जो उठला तो घराकडे. बांध चुकला, चिखलात पडला, चप्पल तिथंच राहिली. दारात आला तो उंबऱ्यावरच कोसळला. गौराक्कानं मीठमोहऱ्या उतरवल्या. रात्रभर तो तापानं फणफणत होता.

आणि खरी पीडा तर सकाळी सुरू झाली. जोतिरामचा फोन आला.

"काय पावणं, पोरगी झाली म्हणून पाय जड झालं व्हय?"

"न्हाय हो मामा, निघालो हुतो. तिकटीवर तुळसानं..."

"आता भुतावर ढकला! पोरगा झाला आसता तर भुताला खांद्यावर घिऊन आला आसता तुम्ही. माझी लेक न् नात हितंच ऱ्हातील. घराला भूत, आनि बापाला पोरगी नको. कशाला पाठवू?"

फोनच्या मागे सारिकाचं हुंदकणं ऐकू आलं. महिपतीला रात्रीच्या पैंजणांपेक्षा ते अधिक लागलं. कारण तिलाही तेच वाटलं होतं.

दुपारी मेघनाबाई कॅमेरे उतरवायला आल्या. ओसरीवर त्यांनी लॅपटॉप उघडला. महिपती गोधडीत, गौराक्का पदर तोंडाशी धरून.

पहिला फोटो, तिकटीवरचं पान. पानाशी एक लांबट, काळपट, लांब शेपटीचं जनावर.

"उदमांजर," बाई म्हणाल्या. "याच्या अंगच्या ग्रंथींना वास असतो. नव्या सुवासिक भातासारखा."



दुसऱ्या फोटोत फांदीवर गव्हाणी घुबड, चोच वासून. "ही तुमची किंकाळी." तिसऱ्यात साळिंदर, तोंडात खोबरं. "मागच्या पायाचा ठसा पोराच्या पावलासारखा उमटतो. आणि शेपटीला पोकळ काटे असतात. चिडलं की ते खुळखुळवतं."

"पैंजण," महिपती पुटपुटला.

"रोज मेजवानी मांडल्यावर सगळे एकाच वेळी येणारच, गौराक्का. एकेकाला कोणी भ्यालं नसतं. सगळ्यांची मिळून तुळसा झाली."

पुढचा फोटो महिपतीचा. ओणवा, वड्या गोळा करताना. त्याच्या पलीकडे साळिंदर, अंगावरचे सगळे काटे उभे. बाई त्या फोटोवर थबकल्या. 

"साळिंदर शत्रूकडे पाठ करतं," त्या सावकाश म्हणाल्या. "याची पाठ महिपतीकडे नाही. वाटेकडेच्या दरडीकडे आहे."

त्यांनी पुढचा फोटो उघडला.

ऐका हं. हालू नका.

त्या फोटोत महिपती नव्हता. धुळीत वड्या होत्या. आणि जिथं तो ओणवा बसला होता, नेमक्या त्याच जागी, अंगावर ठिपके, डोळे पांढरे पेटलेले, बिबट्या उभा होता.



"टिप्या..." गौराक्का एवढंच म्हणाली.

"पानावर कुत्री येत होती. कुत्र्यांमागे हा," बाई म्हणाल्या. "यानं झडप घातलीच असती असं मी म्हणणार नाही, ते मला माहीत नाही. पण खाली वाकलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही, एवढं माहीत आहे."

दुसऱ्याच दिवशी, लख्ख उन्हात, गाडीरस्त्यानं तिघं पलीकडच्या वाडीत गेली. जोतिराम सोप्यात बसलेला. उठलाही नाही. बाईंनी लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. आतल्या दाराच्या आडून सारिका बघत होती, कुशीत दुपट्यात पोर.

उदमांजराचा आणखी एक फोटो होता, बिबट्या गेल्यानंतरचा. स्वारी फुटलेल्या खोक्यात नाक खुपसून मजेत जेवत होती. जोतिरामनं मान पुढे काढली.

"ह्ये काय खातंय?"

"तुमच्या जावयानं आणलेलं."

फोटो काळापांढरा. पण आकार स्पष्ट होता. जोतिराम डोळे बारीक करून बघत राहिला. वड्या चौकोनी होत्या. पेढा चौकोनी नसतो.

"बर्फी," दाराआडून सारिका म्हणाली. "आबा, बर्फी हाय ती. आलं हुतं ह्ये. पोरीसाठी आलं हुतं."

जोतिरामनं घसा खाकरला. हरणाऱ्या माणसाला शेवटचा एक मुद्दा लागतोच.

"आवो पर बाई, भूत न्हाय म्हनता, आनि वाघरू दाखवता? ह्ये तर आनखी वंगाळ!"

"नाही मामा. बिबट्याला सवयी असतात, भुताला नसतात. पान बंद केलं की मेजवानी बंद. कुत्री रात्री आत घ्यायची, परसात दिवा लावायचा, अंधार पडला की गाडीरस्ता धरायचा. कॅमेरे मी ठेवते. तीन महिन्यांत तो तिकटीवर रेंगाळायचा थांबला नाही, तर 'पोरीला पाठवू नका' असं मी स्वतः सांगेन."

"आनि तुळसा?" गौराक्कानं विचारलं.  "पान बंद केलं, तर तिच्या भुकेचं काय?"

 उत्तर सारिकानं दिलं.

"आत्ती, तिला घरात वाढलं न्हवतं न्हवं? मग रानात कशाला वाढायचं? घरातच वाढू."

पान बंद झालं. पहिल्या आठवड्यात बिबट्या येऊन जांभळीखाली बसून गेला. मग नुसता वाटेनं गेला. मग कॅमेऱ्यात आला तो खिंडीच्या वरच्या अंगाला, लांब, आपल्या कामाला निघालेला. उदमांजर मात्र राहिलं. फणसाच्या ढोलीत त्याची दोन पिल्लं दिसली, ती मादी होती तर! गौराक्का फोटो बघून म्हणाली, "बाळंतीनच हाय की ही पन."

तीन महिन्यांनी, भर दुपारी, सारिका लेकीला घेऊन सासरी आली. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळला गेला. आणि त्या रात्री गौराक्कानं आंबेमोहोर रांधला. घरात पुरुष होते, पाहुणे होते, स्वतः जोतिराम होता. सगळे पाटावर बसलेले. गौराक्कानं भाताचं पातेलं उचललं, सगळ्यांना ओलांडून गेली, आणि पहिली मूद सुनेच्या ताटात वाढली.

"तू जेव आदी," ती म्हणाली.

 जोतिराम हात आवरून आपल्या पाळीची वाट बघत बसला.

आजही त्या घरात रात्री कधी कधी वास येतो. फणसाकडून, वाफाळत्या भाताचा. पोर कुशीत चुळबुळते, तेव्हा गौराक्का तिला थोपटते. "नीज. शेजारीन रांधतीया."

झाली गोष्ट. आता कंदील घ्या, घोळक्यानं जा, आणि तिकटीच्या वाटेनं रात्री पाऊल टाकू नका. आपल्या आज्या सांगत होत्या तेच मीही सांगते. नियम तोच ठेवायचा, त्यामागचं कारण बदललं तरी चालेल. दिवसा ती वाट आपली आहे, रात्री त्यांची. आणि तरीही एखाद्याला जावंच लागलं, आणि पैंजण वाजले, तर मान वाकवून खाली बसू नका. ताठ उभे राहा. कोणीतरी तुम्हाला सावध करतंय.