इच्छादेवीच्या पायरीवरचा नारळ

नाव मालूबाई, पती निंबा देवराम, वय अंदाजे छत्तीस, धंदा शेती, राहणार दापोरा, तालुका बुऱ्हाणपूर. तारीख १६ ऑक्टोबर १९५७. समक्ष ठाण्यात येऊन, कोणाच्या दबावाशिवाय सांगते की,

आमच्या शेजारचे शेतकरी कौतिक यांच्या केळी श्रावणात कोणीतरी रात्रीतून कापल्या. त्यांनी माझ्या धन्यावर केस केली. धन्याने केळी कापलेल्या नाहीत. त्या रात्री ते तापाने फणफणत घरी पडून होते.

गेल्या साली नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हा आमचे जुने वकील नागपूरकडे निघून गेले. कोर्टाचे कागद आता हिंदीत येतात. मला वाचता येत नाही, धन्यालाही नाही. माझा सख्खा भाऊ वामन लालबागेत राहतो, कचेरीत नोकरीला आहे. मी त्याला म्हटले, चांगला वकील बघ. तो म्हणाला, बघितला. धन्याला जामीनही तोच राहिला.

आमच्याकडे भांडण मिटवायचे तर दोघे इच्छापूरला देवीच्या पायरीवर जातात. ज्याची चूक तो नारळ फोडतो, दुसरा खोबरे खातो, विषय संपतो. वामन घरी येऊन धन्याला म्हणाला, "दाजी, वकीलसाबनंच सांगतलं. नारळ फोडा, समझोता होऊन जाईन, कौतिक केस वापस घेईन." धनी म्हणाले, "जो फोडे त्याचाच गुन्हा. मी त्या केळीले हात बी नाई लावला." वामन म्हणाला, "माही बहीन हाये. मी का तुमचं वाईट चाहीन?" मग मीच धन्याला म्हटले, फोडून टाका.

चार लोकांसमक्ष धन्याने नारळ फोडला. खोबरे वामनने वाटले. मलाही दिले, मी खाल्ले.

तारखेला आमच्या बाजूने कोणी वकील उभा राहिला नाही. कौतिककडून पहिला साक्षीदार वामन होता. निंबाने देवीपुढे गुन्हा कबूल केला, असे त्याने शपथेवर सांगितले. त्याला उलट विचारणारे कोणी नव्हते. मग त्याने जामीनही काढून घेतला. धन्याला तिथूनच जेलात नेले. कुंपणानेच शेत खाल्ले.

कोर्टाच्या व्हरांड्यात कौतिकची बायको धुरपदाबाई मला म्हणाली, "आपली शारदा आता आमच्या घरची सून होनार. तुले ठाऊक नाई का वं?" मला ठाऊक नव्हते. शारदा वामनची मुलगी. तिचे नाव बारशाला मी ठेवले आहे.

वामनने सांगितलेल्या वकिलांच्या घरी मी स्वतः गेले. ते म्हणाले, वामन नावाचा कोणी माझ्याकडे आलेला नाही. आता तेच केस घेणार आहेत. नारळ कोणाच्या सांगण्यावरून फोडला ते ठाण्यात नोंदव, नाहीतर नवऱ्याला शिक्षा होईल, असे त्यांनी सांगितले. म्हणून आले. भावाचे नाव लिहू का, असे हवालदारांनी दोनदा विचारले. लिहा.

भाऊबीज तोंडावर आली आहे. दर साली वामन येतो, मी पाट मांडते. जिला भाऊ नाही ती बाई त्या दिवशी चंद्राला ओवाळते. या साली मी चंद्राला ओवाळीन. हवालदार म्हणाले, बाई, हे जबाबात लागत नाही. मी म्हटले, लागते.

वरील मजकूर मला मराठीतून वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. चंद्राची ओळ मी पुन्हा वाचायला लावली. तीही बरोबर आहे. अंगठा उठवला.