येळ आमुशाचा उष्टा निवद

अरं, येळ आमुशाला, पिकाच्या पूजेच्या सनाला, रानात काय झालं ऐका. कडब्याच्या कोपीत पांडवाचे पाच दगड मांडले, देवीला निवद ठिवला, आन् पूजेच्या आधीच आमची दीड वर्साची चिमी पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीत हात घालून खायलीय!

माझे चुलते, तात्या, खवळले. "निवद उष्टा झाला! सूनबाई, समदा सैपाक पुन्यांदा कर."

माझं डोस्कंच फिरलं. म्हनलं, "बायको पहाटंपसून चुलीपुढं हाय. आता ती उठनार न्हाई. देवीला चालत नसंल तर तिनं मला इचारावं!"

"मंग मी जेवतच न्हाई," म्हनून तात्या बांधावर रुसून बसले.

चिमी तुरुतुरु गेली आन् सोताच्या तोंडातला बाजरीचा उंडा काढून त्यांच्या तोंडात कोंबला. तात्यानं गपकन गिळला.

म्हनलं, "तात्या, आता पेटवायची का चूल?"

"गप बस. भज्जी वाढ."